मरळीचे डोहाळे

निकिताला सातवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते नदीच्या ताज्या मरळीचे. बाजारातला मासा तिला नकोच होता. "पुरव रे बाबा, नाहीतर बाळाचे कान फुटतात," असं तिच्या सासूबाई लंकाबाईंनी मुलाला बजावलं, आणि जन्मात कधी गळ न धरलेला तिचा नवरा योगेश ऐन थंडीत पहाटेच दारणा नदीवर गेला.

दुपार कलली तरी त्याचा पत्ता नाही. फोन बंद. निकिताच्या गॅलरीतून दारात, दारातून गॅलरीत अशा येरझाऱ्या चालल्या होत्या. नदीचा गाळ, गार पाणी आणि पोहता न येणारा नवरा! ह्या मेल्या जिभेपायी आपणच त्याला धाडलं. शेवटी तिने देवघरापुढे हात जोडले. "वणीच्या आई, माझा माणूस धडधाकट घरी येऊ दे. जन्मात पुन्हा मासा तोंडात घालणार नाही."

तेवढ्यात बेल वाजली. लंकाबाईंनी दार उघडलं. कमरेपर्यंत चिखलात माखलेला योगेश हातभर लांब मरळ नाचवत ओरडला, "मोबाईल पाण्यात गेला, पण हिला सोडलं नाही! आई, मसाला वाट!"



निकिताचे हात अजून जोडलेलेच होते, आणि तोंडाला पाणी सुटलं होतं.