वांग्याची वाकडी ओळ

शकूने वांग्याचं रोप मुद्दाम वाकडं लावलं. मुळं मुडपून खड्ड्यात कोंबली, वरून माती लोटली आणि पुढचं रोप घेतलं. वर बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत नवरा बसलेला असणार, हे तिला न बघताही ठाऊक होतं.

विमानतळासाठी जमीन गेली, तेव्हापासून कमळाकर तिथेच बसायचा. रोडपालीत ऐसपैस फ्लॅट झाला, मुलगा हरेश धंद्याला लागला, पण कमळाकरचं बोलणं आटलं. जेवायला हाक मारली की यायचा, चार घास खायचा, पुन्हा खुर्चीत. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. हरेशने महाबळेश्वर फिरवून आणलं. तिथेही तो हॉटेलच्या गॅलरीतच बसला. शेवटी शकूने सोसायटीच्या सेक्रेटरी सुमतीताईंकडे कंपाउंडलगतचा पडीक तुकडा मागितला. राडारोडा वेचून, माती भुसभुशीत करून ती आज रोपं लावायला बसली होती.

निम्मी ओळ झाली आणि तिच्या हातांवर सावली पडली.

"सर बाजूला," कमळाकर म्हणाला आणि त्याने खुरपं काढून घेतलं. एकेक रोप अलगद उपटलं, मुळं मोकळी केली, पुन्हा लावलं. पायातल्या घरच्या सपाता चिखलाने भरल्या. शकू वर गेली आणि भाकऱ्या थापता थापता पोटभर रडली. त्या दुपारी त्याने भाकरी मागून घेतली.

आता त्या तुकड्यात वाल, दुधी, अळू सगळं होतं. आसपासची माणसंही मातीत हात घालू लागली होती. थंडीत एका रविवारी सगळ्यांनी मिळून बागेत पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भरून भोवती जाळ केला. वालाच्या शेंगांचं मडकं उघडेपर्यंत प्रत्येकाने बागेचे आभार मानायचे, असं सुमतीताईंनी सुचवलं. त्यांना स्वतःला रिटायर झाल्यापासून झोप नव्हती, ती आता लागत होती. वरच्या मजल्यावरचा निनाद म्हणाला की ऑफिसातून आल्यावर तो आता आधी झाडांकडे जातो.

कमळाकरची पाळी आली. चार माणसांत तो कधी बोलायचा नाही, म्हणून शकूच कावरीबावरी झाली. तो उभा राहिला. ही माती आपल्या नावावर नाही, तरी आपला हात ओळखते, तिचे उपकार आहेत, असं म्हणाला. मग शकूकडे वळला.

"हिनी माज्या संगती उभा जल्म भाताची लावणी केली. हिचा हात कदी वाकडा पडला नाय. त्या दिशी पयलाच रोप वाकडा बघितला, न मना समजला."

सगळे हसले. शकूला मात्र हसू येईना.

"मंग तवाच बोलला का नाय?" तिने हळूच विचारलं.

"बोललो असतो तं तू थांबली असतीस," कमळाकर म्हणाला. "न मना तं खाली यावाचा व्हता."