पाठीवरचा गारवा

नारीनच्या डोंगरात त्या वर्षी हाडं गोठवणारी थंडी पडली होती. आयचुरोकने विजेच्या तारा घालून शिवलेलं गरम जाकीट सासूच्या अंगावर चढवलं आणि तिला मेंढवाड्यापाशी उभं केलं.

"कुठे ऊब लागते, कुठे नाही, ते खरं सांगा, एने. उगाच सुनेचं मन राखू नका."

"तुझं मन मी कधी राखलंय?" बातमाकान म्हणाली.

जाकीट हळूहळू छान तापलं, चुलीवरच्या दुधासारखं. फक्त पाठीवर दोन ठिकाणी गार लागत होतं, तळहाताएवढं.

आयचुरोकने उसवून तिथे जास्तीच्या तारा घातल्या. दुसऱ्या दिवशी गारवा पुन्हा आला, पण थोडा खाली, कमरेपाशी.

"तारा तर चांगल्या आहेत," सून रडकुंडीला आली. "मग ऊब जाते कुठे?"

बातमाकानने हात मागे नेऊन कमर चाचपली. उजवीकडच्या गारव्याला चारच बोटं होती. तिच्या नवऱ्याचं पाचवं बोट बर्फाने नेलं होतं.

मेलेल्याचे कपडे त्याला आंघोळ घालणाऱ्यांना द्यायचे असतात, तरच ते त्याला तिकडे पोचतात. तिने सगळे दिले होते. मेंढीच्या कातड्याचा कोट तेवढा त्याच्या वासासाठी पेटीत लपवला होता. त्याला तीन हिवाळे झाले.

"ऊब वाढव," ती म्हणाली.

"भाजेल, एने."

"वाढव गं."

तिने डोळे मिटले. "शेकून घ्या," ती पुटपुटली. "कोट उद्या देऊन टाकते."

गार हात कमरेवरून सावकाश पुढे आले, तिच्या पोटावर एकमेकांत गुंतले, आणि सुटेनात.