वडिलांचा रकाना

वधूवर मंडळासाठी मी बनवलेला ऑनलाइन अर्ज तपासताना मी नेहमी स्वतःचीच माहिती भरते. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन महिना झाला, म्हणून आज 'वडील' या शब्दापुढे 'दिवंगत' निवडलं. त्याबरोबर खालचा 'वडील काय करतात?' हा रकाना नाहीसा झाला आणि आईचा वर सरकला. नियम मीच लिहिलेला होता आणि तो बरोबर चालत होता.

"तो रकाना ठेवू या," मी मंडळाच्या विद्वांसकाकूंना फोनवर म्हटलं.

"अगं, गेलेल्या माणसाचा व्यवसाय कोण बघतंय? मुलाकडचे आधी पत्रिका बघतात, मग पगार."

"मग दादांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान मी कुठे लिहू, काकू?"

"ठेव बाई. पण 'करतात' कसं चालेल? दिवंगत म्हटलं की तिथे 'करायचे' येऊ दे."

दोन ओळींचं काम होतं. 'हयात' निवडलं की 'करतात', 'दिवंगत' निवडलं की 'करायचे'. दहा वेळा आलटूनपालटून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. अकराव्यांदा 'हयात' निवडून बराच वेळ तसंच राहू दिलं.

मग 'दिवंगत' केलं आणि रकान्यात लिहिलं : हार्मोनियम दुरुस्त करायचे.