मागच्या चाकाचा आवाज

इद्रीसने एक्सलवरून काढलेलं बेअरिंग केसरीनाथांच्या कानाशी धरलं आणि बोटाने फिरवलं. आत वाळू भरल्यासारखी करकर झाली.

"ऐका, चाचा. हे घेऊन तुम्ही इतकी वर्षं फिरताय. तुमची फियाट तिकडे नाक्यावर असते आणि मी इकडे चहा खाली ठेवतो."

"म्हणूनच तर गाडी तुझ्याकडे टाकली."

शेलार गावातल्या इद्रीसच्या गॅरेजात फियाटचं मागचं सगळं उघडलं होतं. कमानीपाटे नवे, बुश नवे, शॉकअप नवे. राहिली होती फक्त मागच्या चाकांची बेअरिंग. मानकोलीला केसरीनाथांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती, आणि गोदामांच्या मालकाने असं घुंई घुंई करत यावं हे बरं दिसत नव्हतं. मुलाची मोठी पांढरी गाडी दारातच असायची. तिच्यात ते बसत नसत. तिच्यात स्टिअरिंगवर मुलगा असतो.

नवी बेअरिंग बसेपर्यंत केसरीनाथ स्टुलावर बसून घराविषयी बोलले. हा त्यांचा आवडता विषय.

"कधीपण येऊन बघ. टीव्ही न्हाय, आरडाओरडा न्हाय. प्रितम एवढा बाप्या झाला, पण माझ्यासमोर 'हो बाबा'च्या पुढं शब्द न्हाय. मी दारात पोचायच्या आधी बायको पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी. फोन करावा लागत न्हाय. तिला आतून कळतं."

"नसीब लागतं, चाचा."

"नसीब कसलं? शिस्त हाय ती. मी हाय म्हणून घर हाय."

हे वाक्य ते घरी रोज म्हणत. इद्रीसने ते नटबोल्ट आवळता आवळता ऐकून घेतलं.

संध्याकाळी गाडी बाहेर पडली ती इतकी मुकाट्याने, की इद्रीसलाही ती गेली का हे मान वर करून बघावं लागलं. केसरीनाथांना आपल्या इंडिकेटरची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली. मानकोलीच्या मोडावरून ते आत वळले. रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठलं नाही. त्यांनी गाडी बाजूने घेतली.

उंबऱ्यावर कोणी नव्हतं. सुवर्णाला बरं नसेल, असं त्यांच्या मनात आलं. दुसरं कारण त्यांना सुचेना.

मग आतून हसणं ऐकू आलं. बाईचं, मोकळं, दम लागेपर्यंतचं. पाहुण्या आल्या असतील म्हणून ते पायरीवरच थांबले. हसणं आपल्या बायकोचं आहे हे कळायला त्यांना वेळ लागला. ओळखायला आधी ऐकलेलं असावं लागतं.

खिडकीतून झोपाळा दिसत होता. त्यांचा झोपाळा. त्यावर त्यांचा काळा चष्मा लावून सुवर्णा बसली होती, पाय पसरून, एक बोट वर करून.

"मी हाय म्हणून घर हाय," ती जाड आवाजात म्हणाली. आवाज हुबेहूब होता. प्रितम जमिनीवर लोळत होता. सून करिष्मा डोळे पुसत होती.

"आई, पुरे आता. बाबांची वेळ झाली."

"येऊ दे गं. ह्यांची गाडी मोडापासून बोंबलत येते. चष्मा ठेवून तांब्या भरेपर्यंत वेळ असतो. तोवर हसून घे."

केसरीनाथ आले तसे मागे फिरले. गाडी चालू केली नाही, न्यूट्रलमध्ये टाकून ढकलली. नव्या बेअरिंगवर ती एका हाताने मागे गेली. मोडावर पोचल्यावर ते आत बसले आणि हॉर्न वाजवत घरी आले. तांब्या आला, पण सांडत आला. हॉर्न कोणाचाही असू शकतो; तो ओळखेपर्यंत गाडी दारात येते.

सकाळी ते पुन्हा गॅरेजात होते.

"जुनी बेअरिंग भंगारात टाकलीस का?"

"आहेत तिकडे डब्यात. का?"

"बसव परत."

इद्रीसने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चाचा, काढलेलं बेअरिंग कोणी परत घालत नाही. ठोकून काढलंय. एक दिन चाक जाम होईल."

"होऊ दे. हळू चालवीन. मोडापासून घरापर्यंत ऐकू आली म्हणजे झालं."

इद्रीसने डबा पुढे ओढला. त्यालाही घर होतं. "मग एकच बसवतो," तो म्हणाला. "कुठलं बसवू?"

"जास्त ओरडणारं."

संध्याकाळी मोडावर फियाट पुन्हा घुंई घुंई करू लागली. कुत्रं उठलं. केसरीनाथांनी गाडी एरवीपेक्षा हळू केली, म्हणजे आतलं हसणं अर्धवट राहायला नको.

तांब्या उंबऱ्यावर होता.