ट्राउट

"सांगून कुणाला पटायचं न्हाई, पण मी मासा वर काढला तर नदी हातभर खाली उतरली!" पाण्याच्या टँकरसाठी लागलेल्या रांगेजवळ उभं राहून संगप्पा मामांनी सुरुवात केली.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराचा दुष्काळ. सकाळपासून ताटकळून महानंदाचे गुडघे दुखायला लागले होते. इथंच थांबावं, की उजेड आहे तोवर लांबच्या विहिरीची वाट धरावी, हे तिला ठरवता येईना.

मामा डाळीचा ट्रक घेऊन काश्मीरला गेले होते म्हणे. तिथं डोंगरातल्या एका लॉजची स्वतःच्या मालकीची नदी, अन् तिच्यात ट्राउट नावाचा मासा.

"गळ्यात लिंग घालून मासे मारता व्हय मामा?" शेजारची कमलम्मा म्हणाली.

"मारतंय कोण? धरायचा, नमस्कार करायचा अन् सोडून द्यायचा. तिथला कायदाच हाय तसा!"

दमलेली रांग हसली. महानंदाही हसली, अन् हसता हसता मामांच्या रिकाम्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, घागर उचलली.

"मासा पटला, मामा. पण आज टँकर यायचा न्हाई, हे सांगवंना तुम्हाला. न्हाईतर तुम्ही घागर घरी ठेवून आला नसता."