झाकणाखालचा लाल

गॅरेजमधल्या पेंटरने जुन्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मान हलवली. "साहेब, स्पष्ट सांगतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल हा. आहे तशीच विकून टाका."

गाडीच्या मालकाच्या घरी बायकोचंही हेच म्हणणं होतं. त्याने पेंटरसमोर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. ऊन न लागलेला तळहाताएवढा मूळ लाल रंग तिथे अजून शाबूत होता.

"अगदी हाच हवा," तो म्हणाला.

पूर्वी दर रविवारी वळणावर ही लाल गाडी दिसली, की वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसलेले वडील काठी न घेताच फाटकापर्यंत यायचे. गाडी विटून फिकी गुलाबी झाली, तसे ते खिडकीतून हलेनासे झाले. डॉक्टर काहीही म्हणोत, त्याने सगळं खापर रंगावर फोडलं होतं.

रंगवलेली गाडी घेऊन तो गेला त्या रविवारी वडील खरोखरच फाटकाशी आले. बॉनेटवरून हात फिरवत लहान मुलासारखे हसले. "आली, आमची गाडी आली!" मग त्यांनी वाकून मागच्या सीटवर पाहिलं, पुढच्या सीटवर पाहिलं, आणि दार धरून उभ्या असलेल्या त्याला अदबीने विचारलं,



"आमचा मुलगा नाही आला का हो तुमच्याबरोबर?"