येळवशीची कोप

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमच्या ईट गावच्या रानात कडब्याची कोप करतात. पेंढ्या एकमेकींना टेकवायच्या, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, रानातच जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी कोप मोडून कडबा जनावरांपुढं टाकायचा. यंदा माय म्हणाली, "त्या भूरोकडून करून घे कोप. गावात मिसळतील तेवढीच." भूरो आणि त्याची बायको सिंधच्या वाळवंटातून निर्वासित होऊन आलेली, दिवाळीपासून आमच्या बांधावर ताडपत्रीखाली राहत होती. भाषा जुळत नव्हती, म्हणून मी हातानंच झोपडीचा आकार दाखवला आणि कडबा दिला. येळवशीच्या सकाळी मी आणि माय पूजेचं ताट घेऊन रानात गेलो आणि पाय जागीच थांबले. कोप कसली, गोल घरच उभं होतं! वेणी घालावी तसा कडबा विणलेला. वारं सुटलं होतं, पण एक काडी हलत नव्हती. दाराशी पांढऱ्या मातीची फुलं काढलेली, आत सारवलेल्या भुईवर त्यांची ट्रंक आणि पाण्याचा माठ. ताडपत्री घडी घालून बाहेर ठेवलेली. भूरो माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला, डोळे भरलेले. आम्ही त्यांना घर दिलं, असं समजला होता तो! "माय, आता ह्यास्नी सांगायचं कसं?" मी पुटपुटलो. मायनं भुईपासून शेंड्यापर्यंत सावकाश नजर फिरवली, चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दारात उभ्या असलेल्या भूरोच्या बायकोला विचारलं, "बाई, पांडव बसवायचेत. येऊ का आत?"